शरीरनिधान की निखात निधी?

दहनानंतर उरलेल्या अवशेषांचे काय करावे, हा प्रश्न बौद्ध वाङ्मयात श्रद्धेइतकाच व्यवस्थेचाही आहे. महापरिनिब्बानसुत्तात तथागतांच्या धातूंसाठी आठ दावेदार पुढे येतात आणि द्रोण ब्राह्मण आठ समान वाटे करून कलह टाळतो. वाटणीचा कुंभ द्रोण स्वतःसाठी मागून घेतो. उशिरा पोहोचलेल्या पिप्फलिवनाच्या मोरियांना चितेचे निखारे मिळतात. स्तूप मात्र आठ नव्हे, दहा उभे राहतात. अस्थी, त्यांना स्पर्शलेले पात्र व निखारे ही तिन्ही सुत्तकाराने स्तूपार्ह मानली. आजचा कायदा याच कसोटीवर घासून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

इ.स. १८९८ च्या जानेवारीत तत्कालीन बस्ती जिल्ह्यातील पिप्रहवा येथे विल्यम क्लॅक्स्टन पेप्पे या जमीनदाराने स्तूप खणला. दगडी पेटीत कलश, अस्थींचे तुकडे, रक्षा आणि अठराशेहून अधिक रत्ने व मणी निघाले. एका कलशावरील ब्राह्मी लेखात या ठेवीला ‘सलिलनिधने’, म्हणजे शरीरनिधान, असे म्हटले आहे. शासनाने तिला १८७८ चा निखात निधी अधिनियम लावला. धातू, निधान आणि निधी हे तिन्ही शब्द ‘धा’पासून निघालेले, परंतु लेखातील निधान म्हणजे श्रद्धेने ठेवलेले शरीर आणि अधिनियमातील निधी म्हणजे जमिनीत दडलेली मूल्यवान वस्तू. या अर्थभेदातच पुढील अनर्थाचे बीज आहे.

अस्थी व रक्षा १८९९ मध्ये सयामचे राजे चुलालोंगकोर्न यांना देण्यात आल्या. कलश व बहुतांश रत्ने कलकत्त्याच्या संग्रहालयात गेली. काही रत्ने पेप्पे कुटुंबाकडे राहिली. द्रोणाच्या वाटणीत प्रत्येक वाट्यावर स्तूप झाला. या वाटणीत एक वाटा पूजास्थानी गेला, दुसरा काचेच्या कपाटात आणि तिसरा खासगी घरात.

१९७२ च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियमाने खासगी निर्यातीस बंदी घातली, हे त्याचे श्रेय मान्य केले पाहिजे. १९७१ ते १९७३ या काळात पिप्रहवा येथील उत्खननात मिळालेल्या बावीस अस्थिधातूंपैकी वीस दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात जतन झाले. २०२२ मध्ये मंगोलियात आणि २०२४ मध्ये थायलंडमध्ये काही धातू दर्शनार्थ नेले, तेव्हा त्यांस राजकीय अतिथीचा मान मिळाला. तथापि त्या मानाचा शब्द अधिनियमात नाही. त्याची मुख्य कसोटी वय आणि ऐतिहासिक महत्त्व ही आहे. दीक्षाभूमीच्या स्तूपातील बाबासाहेबांच्या अस्थी शंभर वर्षे पूर्ण होईपर्यंत या व्याख्येत बसणारच नाहीत.

या उणिवेचे फळ मे २०२५ मध्ये दिसले. पेप्पे कुटुंबाकडील रत्ने हाँगकाँग येथे सदबीजच्या लिलावात मांडण्यात आली. ही रत्ने म्हणजे शरीरधातू नव्हेत, असा युक्तिवाद विक्रेत्यांच्या बाजूने झाला. भारत सरकारने नोटीस दिल्यावर लिलाव स्थगित झाला आणि जुलैमध्ये गोदरेज उद्योगसमूहाच्या साहाय्याने रत्ने भारतात आली. आम्हांस त्याचा आनंद आहे. परंतु ती आली खरेदीने, हे विसरता येत नाही. रत्ने वेगळी व अस्थी वेगळ्या, हा भेद कुंभावर स्तूप उभारणाऱ्या परंपरेस मुळातच मान्य होण्याजोगा नाही.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. अस्थी, रक्षा आणि त्यांच्यासह निधान केलेल्या वस्तू यांचा कायद्याने एकच अविभाज्य वर्ग मानावा. त्याचा क्रयविक्रय निषिद्ध असावा. आणि जो रक्षक त्याने दर्शनाची वाट मोकळी ठेवावी. सुत्तात स्तूपाची जागा चार महामार्गांच्या संगमावर सांगितली आहे. तिथे कोणाची मालकी नसते, येणेजाणे मात्र सर्वांचे असते.