वृत्तनिवेदकाचे वाचन : प्रदीप भिडे आणि सीमेवरचा श्रोता

वृत्तनिवेदकाच्या कार्याची समीक्षा करावयाची म्हटले की पहिली अडचण उभी राहते ती संहितेची. तो जे वाचतो ते बहुधा त्याने लिहिलेले नसते. आणि जे खास त्याचे, तो उच्चार, ती गती, तो विराम, ते कागदावर उरत नाही. म्हणूनच ७ जून २०२२ रोजी प्रदीप भिडे ह्यांचे निधन झाल्यावर जे लिहिले गेले, ते बहुतांशी भारदस्त आवाजाच्या गौरवापाशीच थांबले. आवाज ही देणगी होय. चिकित्सा होऊ शकते ती वाचनाची.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारितेचे शिक्षण घेतलेले भिडे तेथे १९७४ मध्ये आले आणि सुमारे चार दशके वाचत राहिले. अनंत भावे, भक्ती बर्वे, स्मिता पाटील ही त्या आरंभकाळातील अन्य नावे. समोर अक्षरे सरकविणारे यंत्र तेव्हा नव्हते. हातातील कागदावरून वाचावयाचे आणि मधूनमधून मान वर करून प्रेक्षकाकडे पाहावयाचे. ह्या सक्तीतूनच एक शैली घडली, असे मला वाटते. मराठी वाक्याचे क्रियापद शेवटी येते आणि सरकारी मराठीत तर कर्ता व क्रियापद ह्यांच्यामध्ये दोन-तीन गौणवाक्ये सहज मावतात. असे वाक्य वाचणाऱ्याला आरंभीच शेवट ठाऊक असावा लागतो. भिडे ह्यांचा स्वर वाक्याच्या मध्यावर कोसळत नसे. क्रियापदापर्यंत तो तोललेला राही. आघात पडे तो नावावर आणि आकड्यावर, विशेषणावर नव्हे. पुढे २००७ नंतर आलेल्या अखंड वृत्तवाहिन्यांनी नेमके विशेषणच उचलून धरले, हे सर्वांच्या कानांवर आहेच.

आता हे वाचन देवरीत बसून ऐकावे. १ मे १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यात असलेला, आज गोंदिया जिल्ह्यातला हा तालुका छत्तीसगढला लागून आहे. येथे गोंडी आहे, हलबी आहे, छत्तीसगढी आहे, आणि मराठी आहे ती झाडीबोली. तिच्यात 'ण'चा 'न' होतो आणि 'ळ'चा 'र'. डोळा नव्हे, 'डोरा'. डॉ. हरिश्चंद्र बोरकर ह्यांनी ह्या बोलीच्या अभ्यासासाठी आयुष्य वेचले. भिडे ह्यांचा निर्दोष 'ळ' ह्या श्रोत्याला कळतो, त्यावर त्याचा विश्वासही बसतो. परंतु तो त्याचा नव्हे. विश्वासार्ह बोलणे म्हणजे आपल्यासारखे न बोलणे, हा पाठ त्याला नकळत मिळत राहतो.

हा प्रश्न केवळ मराठीचा नाही. १९४१ मध्ये बीबीसीने विल्फ्रेड पिकल्स ह्या यॉर्कशायरच्या माणसाला त्याच्या प्रादेशिक उच्चारासह बातम्या वाचावयास बसविले, तेव्हा कित्येक श्रोत्यांना बातम्याच खोट्या वाटू लागल्या. मजकूर तोच, वृत्तसंस्था तीच. बदलले होते ते स्वर. विश्वास कानाच्या सवयीवर किती अवलंबून असतो, ह्याचा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच सापडेल.

शांत स्वराची एक काळी बाजूही नोंदविली पाहिजे. १९७५ ते १९७७ ह्या आणीबाणीच्या काळात दूरदर्शन सर्वस्वी शासनाच्या हाती होते. त्या काळी संयत वाचन हे गाळलेल्या बातमीवरचे आच्छादनही ठरत असे. ह्याचा दोष एकट्या निवेदकाकडे जात नाही. तथापि संयम हा आपोआप सत्याचा साक्षीदार होत नाही, एवढे ध्यानात घ्यावयास हवे.

माझ्या मते भिडे ह्यांच्या वाचनात दोन गोष्टी एकत्र नांदत होत्या आणि आपण त्या एकच समजत आलो : प्रमाण उच्चार आणि वाक्याची शिस्त. पहिली विशिष्ट घरांतून व शाळांतून येते. दुसरी कोणालाही कष्टाने साध्य होते. झाडीबोलीचा 'र' कायम ठेवून, आकड्यावर तोच आघात आणि क्रियापदापर्यंत तोच तोल राखून देवरीच्या एखाद्या विद्यार्थ्याने एक बातमीपत्र वाचावे, ते ध्वनिमुद्रित करून गोंदियात आणि पुण्यात ऐकवावे व कोणाचा विश्वास कोठे डळमळतो ते नोंदवावे. प्रबंधासाठी विषय शोधणाऱ्यांना हे काम हाती घेण्यास हरकत नाही; त्यास एक ध्वनिमुद्रक आणि थोडे धैर्य एवढेच लागेल.