टक्केवारी नंतर, आधी छेद बघा

पीएचडीसाठी टीबीवरचं वाचन सुरू केलं की एक पेपर हमखास हातात येतो: २०१८ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेला क्रिप्टिक गटाचा. १६ देशांतून आलेल्या टीबीच्या जिवाणूच्या १०,२०९ नमुन्यांचा पूर्ण जीनोम वाचून, चार मुख्य औषधांपैकी कोणतं लागू पडेल हे नुसत्या म्युटेशन्सवरून सांगता येतं का, ते त्यांनी तपासलं. रिफॅम्पिसिनला दाद न देणारे ९७.५ टक्के नमुने बरोबर ओळखले गेले. सेमिनारमध्ये सगळे हाच आकडा सांगतात. मीही सांगितला होता.

पण हा आकडा एका औषधाचा आहे. पेशंटला मात्र चारही औषधांचं उत्तर हवं असतं. ते त्याच पेपरच्या सारांशात आहे. चारही औषधांची कल्चर-तपासणी पूर्ण असलेले नमुने ७,५१६. त्यातल्या ५,८६५ नमुन्यांचं, म्हणजे ७८ टक्क्यांचं, जीनोमवरून पूर्ण भाकीत करता आलं. त्यातली ५,२५० भाकितं पूर्ण बरोबर. लेखकांनी हे ८९.५ टक्के असं मांडलंय, कारण छेदात ५,८६५ घेतलेत. छेदात ७,५१६ घ्या, उत्तर साधारण ७० येतं.

लेखकांनी काही लपवलेलं नाही. अनोळखी म्युटेशन दिसल्यावर अंदाज न ठोकता गप्प राहणं हा शहाणपणाच आहे. आणि 'चारही औषधं लागू पडतील' असं ज्या ४,०३७ नमुन्यांबद्दल सांगितलं, त्यातले ३,९५२ खरोखर तसेच निघाले. ही पेपरची खरी ताकद.

माझी तक्रार आपल्या वाचनाबद्दल आहे. आपल्या शेजारच्या मुंबईत, हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१२ साली तपासलेल्या सगळ्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचे चार पेशंट नोंदवले होते. अशा ठिकाणी '९७ टक्के झालं, आता कल्चर कशाला?' असं म्हणून चालेल? उरलेल्या तिसांत आपल्या नालासोपाऱ्याचाही कुणी असेल. त्याच्यासाठी जीनोम गप्प असेल किंवा चुकेल, आणि चुकीच्या गोळ्यांवर महिने जातील. जिथे जीनोम गप्प, तिथे कल्चर हवंच.

म्हणून भाकिताचा कुठलाही पेपर हातात आला की पहिला प्रश्न हा: छेदातून कोण वगळलंय?