'मुळशी सत्याग्रह' आणि पदवीस्तरावरील राज्यशास्त्र : एक चिकित्सा

प्रास्ताविक

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याची शैक्षणिक ओळख गेल्या काही वर्षांत पालटली आहे. लवळे येथील फ्लेम विद्यापीठासारख्या, तुलनेने लहान व निवासी स्वरूपाच्या खासगी विद्यापीठात देशाच्या विविध भागांतून विद्यार्थी पदवीशिक्षणासाठी येतात. याच तालुक्यात १९२१ ते १९२४ या काळात टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध शेतकऱ्यांचा सत्याग्रह झाला होता. पुणे विद्यापीठात राज्यशास्त्राचे अध्यापन करणारे प्रा. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर 'मुळशी सत्याग्रह' (१९९४) हा मराठी ग्रंथ लिहिला व २००९ मध्ये त्यांचे इंग्रजी पुस्तकही प्रसिद्ध झाले. मुळशीत राहून राज्यशास्त्र शिकणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्याला हे लेखन काय देऊ शकते आणि ते कोठे अपुरे पडते, याची चिकित्सा करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

विषयाची पार्श्वभूमी

मुळा व निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधून त्याचे पाणी सह्याद्रीच्या पश्चिमेस भिरा येथे सोडावयाचे व त्यापासून मुंबईसाठी वीज निर्माण करावयाची, अशी ही योजना होती. तीत मुळशी खोऱ्यातील पन्नासच्या आसपास गावे बाधित होणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रहास आरंभ झाला. पां. म. ऊर्फ सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव आदींनी त्यात भाग घेतला, न. चिं. केळकरांसारखे पुण्याचे पुढारीही प्रारंभी त्याच्याशी जोडलेले होते. काम काही काळ थांबले, परंतु पुन्हा सुरू झाले. अखेरच्या टप्प्यात, १९२४ मध्ये, बापटांनी धरणाच्या कामावरील रेल्वेगाडीविरुद्ध प्रत्यक्ष कृती केली व त्यांना दीर्घ कारावास भोगावा लागला. धरण पूर्ण झाले.

ग्रंथाचे बलस्थान

सत्याग्रहाची गौरवगाथा सांगण्याचा मोह व्होरा टाळतात, हे या लेखनाचे पहिले वैशिष्ट्य होय. 'शेतकरी' हा शब्द एकजिनसी समूहाचा निर्देश करीत नाही, हे त्यांच्या विवेचनातून स्पष्ट होते. खोऱ्यातील बऱ्याच जमिनी पुण्यातील सावकारांच्या मालकीच्या झाल्या होत्या व मावळे त्या कूळ म्हणून कसत होते. सावकाराच्या दृष्टीने जमीन ही मालमत्ता असल्याने योग्य मोबदला मिळताच त्याचा विरोध मावळणे शक्य होते. कसणाऱ्या कुळाचा मात्र उपजीविकेचा आधारच जात होता. लढ्याचे नेतृत्व शहरी व सुशिक्षित, तर झळ सोसणारे ग्रामीण, हा दुसरा ताण होय. देशी उद्योगाला पाठिंबा द्यावा की देशी शेतकऱ्याला, या पेचात तत्कालीन राष्ट्रवादी विचार अडकला होता, हेही या अभ्यासातून उमगते.

पदवीच्या वर्गात राज्य, सार्वभौमत्व, हितसंबंधी गट, प्रतिनिधित्व या संकल्पना व्याख्यांच्या स्वरूपात शिकविल्या जातात. विद्यार्थी त्या पाठ करतो व परीक्षेत उतरवतो. त्या संकल्पना एका खोऱ्यात एकमेकींशी कशा भिडतात, हे दाखविणारा असा मराठी ग्रंथ हाती असताना अभ्यासक्रमात त्यास दुय्यम स्थान मिळावे, ही खेदाची बाब होय.

मर्यादा

तथापि, काही आक्षेप नोंदविणे आवश्यक आहे. इंग्रजी पुस्तकाच्या शीर्षकात हे जगातील पहिले धरणविरोधी आंदोलन असल्याचा दावा आहे. 'पहिले' ठरविण्यास सर्व देशांतील लढ्यांचा तौलनिक पुरावा लागेल. एका खोऱ्याच्या अभ्यासातून तो सिद्ध होणे कठीण आहे, आणि ग्रंथाचे मूल्य त्यावर अवलंबूनही नाही. दुसरे असे की, अशा लढ्याची उपलब्ध लिखित साधने प्रामुख्याने वृत्तपत्रे, सरकारी कागदपत्रे व पुढाऱ्यांचे लेखन ही असतात. त्यामुळे कुळांचा, विशेषतः सत्याग्रहात उतरलेल्या स्त्रियांचा, स्वतःचा आवाज क्षीण राहतो. हा दोष केवळ लेखकाचा नसून साधनांचा आहे. परंतु विद्यार्थ्याने तो ओळखला पाहिजे.

अध्यापनातील उपयोजन

या मर्यादांसह ग्रंथ वाचल्यास वर्गात निदान तीन प्रश्न उपस्थित करता येतात.

पहिला प्रश्न 'सार्वजनिक प्रयोजना'चा. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने कंपनीसाठीही जमीन घेण्याची वाट मोकळी ठेवली होती. ते काम लोकोपयोगी ठरण्याची शक्यता पुरेशी मानली जाई. २०१३ च्या कायद्याने खासगी कंपनीसाठी बाधित कुटुंबांपैकी ८० टक्क्यांची पूर्वसंमती आवश्यक केली व 'बाधित कुटुंब' या व्याख्येत विहित अटींनुसार कुळे व शेतमजूर यांनाही सामावून घेतले. मुळशीत मालक व कसणारा यांच्यात जी फट पडली, तिचा विचार कायद्यात येण्यास नव्वद वर्षे लागली. दोन्ही कायद्यांतील तरतुदी समोरासमोर ठेवून वाचणे, हा पदवीच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातील अभ्यास आहे.

दुसरा प्रश्न साधनशुचितेचा. रेल्वेगाडी अडविण्याची बापटांची कृती सत्याग्रहाच्या व्याख्येत बसते काय? राजकीय विचारांच्या तासाला गांधीजींचे विवेचन शिकविताना हा प्रसंग पुढे ठेवल्यास चर्चा अमूर्त राहत नाही.

तिसरा प्रश्न सातत्याचा. याच तालुक्यातील लवासा प्रकल्पाला २००८ मध्ये विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा मिळाला. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने बांधकामाबाबत नोटीस बजावली. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. नियोजनाचे अधिकार निर्वाचित संस्थांकडून अन्यत्र गेल्यावर ग्रामसभेचे काय होते, हे ७३व्या घटनादुरुस्तीच्या प्रकरणासोबत तपासता येईल. मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर २००९ च्या निवडणुकीपासून मुळशी हा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ राहिला नाही. तालुका भोर मतदारसंघात गेला. प्रतिनिधित्वाचा धडा शिकविण्यास याहून जवळचे उदाहरण कोणते?

लहान विद्यापीठ ही अशा अध्यापनास अनुकूल जागा आहे. विद्यार्थीसंख्या मर्यादित असल्याने गटचर्चा व क्षेत्रभेट शक्य होते. पौड येथील तालुका कचेरी व धरणाचा जलाशय फार दूर नाहीत. अडचण आहे ती भाषेची. अध्यापन इंग्रजीतून होते, तर सातबारा, फेरफार, ग्रामसभेचे इतिवृत्त मराठीत असते. मराठी न जाणणारा विद्यार्थी गावकऱ्याशी बोलण्यासाठी दुभाष्यावर विसंबतो. आणि दुभाषा बहुधा गावातील प्रतिष्ठित असतो. सावकार व कूळ यांच्यातील जो भेद व्होरांनी उघड केला, तोच अशा भेटीत पुन्हा झाकला जाण्याचा धोका आहे. मराठी जाणणाऱ्या सहाध्यायासह संयुक्त गट करणे व मूळ कागदपत्र वाचण्यास काही श्रेयांक देणे, हा त्यावर व्यवहार्य उपाय वाटतो.

समारोप

'मुळशी सत्याग्रह' हा ग्रंथ स्थानिक अभिमानासाठी नेमावा, असे येथे सुचवावयाचे नाही. स्थानिक लढ्याकडेही कठोर दृष्टीने कसे पाहावे, याचा तो वस्तुपाठ आहे. ज्या तालुक्यात जमिनीचा वापर सतत बदलत आहे, त्या तालुक्यातील विद्यापीठे व महाविद्यालयेही त्या बदलाचा भाग आहेत. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने आपला वर्ग ज्या जमिनीवर भरतो, तिचा फेरफार वाचावयास शिकले, तर पदवीस्तरावरील या विषयाचे प्रयोजन बऱ्याच अंशी साध्य झाले, असे म्हणता येईल.