यकृतविकारातील जीवनसत्त्व-पूरके : एक चिकित्सा

'सहाय्यक उपचार' ही संज्ञा वैद्यकीय व्यवहारात फार सैलपणे वापरली जाते. मद्यजन्य यकृतविकार असो वा मेदयुक्त यकृत, जीवनसत्त्वांच्या गोळ्या दोन्हीकडे दिल्या जातात. त्यामागील तर्क मात्र एक नाही. मद्यपी रुग्णात थायमिनची उणीव प्रत्यक्ष असते. ते न देता ग्लुकोज चढविल्यास मेंदूला इजा संभवते. पित्तमार्ग अडल्यास के जीवनसत्त्व शोषले जात नाही. येथे पूरक म्हणजे उणिवेची भरपाई. ई जीवनसत्त्वाचे तसे नाही; ते औषध म्हणूनच तपासले गेले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील 'पिव्हेन्स' चाचणीत रोज ८०० एककांनी ९६ आठवड्यांत ४३ टक्के रुग्णांच्या यकृतऊतीत सुधारणा दिसली; औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत १९ टक्के. हा आकडा सर्रास उद्धृत होतो. परंतु चाचणीतून मधुमेही वगळले होते आणि तंतुमयता लक्षणीय घटली नव्हती, याचा उल्लेख क्वचितच आढळतो. नागपुरातील मधुमेही रुग्णाला तो आकडा जसाच्या तसा लावणे अशास्त्रीय होय. शिवाय २०११ च्या 'सिलेक्ट' अभ्यासात निम्म्या मात्रेनेही निरोगी पुरुषांत प्रोस्टेट कर्करोगाचे प्रमाण १७ टक्क्यांनी वाढलेले दिसले. रक्तशर्करा व वय न पाहता 'असू द्या' म्हणून ही गोळी चिठ्ठीत जोडणे समर्थनीय ठरत नाही.