टॉवर : एक परीक्षण

आमच्या बँकेची एक गृहपत्रिका आहे. ती तीन महिन्यांनी निघते आणि निघाल्यावर तीन महिने कुणी उघडत नाही. तिच्यातले पुस्तक-परीक्षणाचे सदर गेली बारा वर्षे मी चालवतो. हे काम माझ्याकडे आले ते माझ्या वाङ्मयीन अधिकारामुळे नव्हे. मी बी. कॉम. आहे. पण एकदा दुपारच्या सुट्टीत साहेबांनी मला पुस्तक वाचताना पकडले आणि शिक्षा म्हणून हे सदर दिले. तेव्हापासून मी अत्यंत निर्भीडपणे लिहीत आलो आहे. "मुखपृष्ठ आकर्षक, छपाई सुबक, किंमत थोडी कमी हवी होती" हे तीन शेरे मी आजवर कुणाच्याही भिडेस्तव सोडलेले नाहीत.

या खेपेला परीक्षणाला पुस्तकच आले नाही. सदर तर भरायला हवे. मी काउंटरवर बसून विचार करीत होतो. (या जागेवर बसणाऱ्याला पूर्वी कारकून म्हणत, आता सिंगल विंडो ऑपरेटर म्हणतात. खिडकी तीच आहे.) तर त्या खिडकीतून समोर पाहतो तो टॉवर! आमची शाखा लोअर परळला. तिथे आता जिकडे पाहावे तिकडे टॉवर. समोरचा सत्तेचाळीस मजली आहे. मी म्हटलं, हाही एक ग्रंथच की. वजनदार आहे, महाग आहे, आणि आत शिरल्याशिवायच लोकांनी त्याची स्तुती चालवली आहे. ग्रंथाला आणखी काय लागतं?

मुखपृष्ठ आकर्षक आहे. सगळी काच. नाव इटालियन आहे. फाटकावरच्या वॉचमनला मी त्याचा उच्चार विचारला, तर तो म्हणाला, "साहेब, आमी नुसतं 'बी विंग' म्हणतो." टॅक्सीवाले अजून "गिरणीपाशी" म्हणतात आणि बरोबर आणून सोडतात. गिरणी पाडून वर्षे झाली, पण पत्ता अजून तिच्याच नावावर आहे. वारस नोंद झालेली दिसत नाही.

अंतरंगाकडे वळू. साहेबांबरोबर गृहकर्जाची पत्रके द्यायला मी एकदा तिथल्या नमुना-फ्लॅटमध्ये गेलो होतो. एका चटपटीत मुलीने आम्हांला सगळे दाखवले. ती म्हणाली, "सर, पहिले सात मजले पोडियम पार्किंग." म्हणजे ग्रंथाची पहिली सात प्रकरणे मोटारींवर आहेत. माणूस हे पात्र आठव्या प्रकरणात येते. मध्येमध्ये 'रेफ्यूज एरिया' म्हणून मोकळी जागा सोडलेली होती. आग लागली तर तिथे आसरा घ्यायचा. मुंबईत आग न लागता आसरा हवा असेल तर कुठे उभं राहायचं, हे मी विचारणार होतो, पण साहेबांनी डोळे वटारले.

किंमत नऊ कोटी. मी मनातल्या मनात हिशेब केला. माझ्या हातात वर्षाला नऊ लाख पडतात. म्हणजे बरोबर शंभर वर्षे. तीही न जेवता आणि व्याज न धरता. घरी येऊन हे सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "मग आजपासून चहा तरी सोडा."

आता मुख्य प्रश्न. कुठल्याही ग्रंथाचे प्रयोजन काय, हे परीक्षकाने पाहायचे असते. टॉवरचे प्रयोजन आमच्या डोंबिवली लोकलमधल्या प्रत्येक माणसाला तोंडपाठ आहे. परवाच चौथ्या सीटवर अर्धे टेकलेले एक गृहस्थ मला म्हणाले, "अहो, लोकसंख्या बघा! माणसं वाढतात, जमीन वाढत नाही. मग वर जाण्यावाचून इलाज काय?"

युक्तिवाद बिनतोड आहे. पण मी वाणिज्य शाखेचा. जमा दाखवली की मी नावेची बाजू बघतो. म्हणून जनगणनेचे आकडे काढले. मुंबईचे जिल्हे दोन, शहर आणि उपनगर. टॉवरांची दाटी शहर जिल्ह्यात, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या बेटावर. २००१ साली या बेटावर ३३,३८,०३१ माणसे होती. २०११ साली ३०,८५,४११. वजाबाकी मी दोनदा केली, कारण वर्षअखेरीला असा फरक निघाला तर आमच्याकडे रात्री मुक्काम पडतो. पण फरक खराच होता. २,५२,६२० माणसे कमी! इमारती वर चालल्या होत्या आणि माणसे खाली.

मग माणसे गेली कुठे? याच दहा वर्षांत ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. पालघर तेव्हा त्यातच होता. त्या वाढीत मी, माझी सौ., आमची दोन मुले आणि आमचे आप्पा मिळून पाच नग आहोत. पुढची गणना २०२१ला व्हायची होती, ती लांबली. नवी शिल्लक निघेपर्यंत खाते याच आकड्यावर उभे आहे.

आता हे खरे, की सगळा दोष टॉवरांच्या माथी मारता येत नाही. १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा कामगार सुमारे अडीच लाख होते. वजाबाकीही अडीच लाखांची. आमच्या धंद्यात असा योगायोग दिसला की आम्ही पेन्सिलीने खूण करतो, पण त्याला पुरावा म्हणत नाही. काम गेलं तशी माणसं गेली, हे मात्र आमच्याच घरात घडलं. आप्पा साताऱ्याकडून येऊन गिरणीत लागलेले. चाळीतली आमची खोली दहा बाय बारा, म्हणजे एकशेवीस चौरस फूट. तीत आम्ही आठ जण. संप फसला, काही वर्षांनी खोली विकली आणि आम्ही डोंबिवलीला आलो.

त्या खोलीचे गोडवे गाण्याचा माझा बेत नाही. चाळीतल्या आयुष्यावर गहिवरून लिहिणाऱ्यांनी सकाळी सहा वाजता नळाच्या आणि त्यापुढच्या रांगेत उभं राहून दाखवावं. आठांच्या जागी चार माणसं राहू लागली तर मला आनंदच आहे. पण समोरच्या सात मजल्यांवर मोठ्या मोटारीला नियमाप्रमाणे अडीच मीटर बाय साडेपाच मीटर जागा लागते. फुटांत करा. एकशे अठ्ठेचाळीस चौरस फूट! आमच्या खोलीपेक्षा अठ्ठावीस फूट जास्त. आणि ती एकटी राहते.

जमिनीवर किती बांधायचे याला सरकारी मराठीत 'चटई क्षेत्र निर्देशांक' म्हणतात. हा शब्द कुणी काढला त्याला चाळीची चांगली माहिती असणार. आमच्याकडे चटई टाकली की क्षेत्र संपत असे. १९९१च्या नियमावलीत बेटासाठी हा निर्देशांक १.३३ होता. शंभर चौरस मीटरच्या भूखंडावर एकशे तेहतीस मीटर बांधा, एवढं साधं. मग पुनर्विकास केला तर जादा, सार्वजनिक वाहनतळ बांधून दिला तर जादा, आणि २०१२पासून राहत्या इमारतीला पैसे भरून पस्तीस टक्के 'फंजिबल' जादा. हा शब्द ऐकला की मला मलमाची आठवण होते. अशी ही चटई उलगडत गेली ती ढगात पोचली.

गिरण्यांच्या जमिनीची वाटणी तर परीक्षकाने अवश्य वाचावी असे प्रकरण आहे. ५८ गिरण्या आणि सुमारे ६०० एकर. १९९१चा नियम म्हणत होता की जमीन विकासाला काढली तर तीन वाटे करा. एक महापालिकेला बागा-मैदानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली नियमात दुरुस्ती झाली. वाटणी फक्त मोकळ्या जागेची करायची, बांधकामाखालची जागा धरायची नाही. आता गिरणी म्हणजे सगळी शेडच. हे म्हणजे श्रीखंडाची वाटणी करताना पातेल्याच्या कडेला लागलेलंच तेवढं वाटायचं आणि मधलं झाकून ठेवायचं. २००५ साली उच्च न्यायालयाने हे नाकारले, २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती मान्य केली. ज्या वाट्यातून घरे आणि मैदाने व्हायची तो वाटाच आक्रसला.

कुणी म्हणेल, याचा उंचीवरच राग दिसतो. मुळीच नाही. वरळीच्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकातल्या. एकशेसाठ चौरस फुटांच्या खोल्या. तिथल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५मध्ये पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, त्या चाळीसेक मजली इमारतींतच. लिफ्ट बंद पडली की तेही शिव्या देतील, पण राहतील. उंची तीच, पण तिथे प्रत्येक मजल्यावर कुकरची शिट्टी होईल. माझे भांडण मजल्यांशी नाही. लोकसंख्येच्या नावावर कर्ज काढून ते दुसऱ्याच खात्यावर जमा करण्याशी आहे. आमच्याकडे कर्जदाराने असं केलं तर साहेब त्याला बोलावून घेतात.

आणि माणसे बेटावरून गेली म्हणजे यायची थांबली, असेही नाही. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आल्या. सकाळी आम्ही सगळे कल्याण-डोंबिवली-विरारहून तिथेच येतो आणि रात्री परत जातो. जनगणना रात्री कोण कुठे राहतो ते मोजते. सकाळी साडेनऊला करी रोडच्या जिन्यावर ती उभी राहत नाही. २९ सप्टेंबर २०१७ला, पावसात, परळ आणि तेव्हाचे एल्फिन्स्टन रोड यांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. मी त्या दिवशी एक स्टेशन पुढे उतरलो होतो. जमिनीवर इतके मजले चढले, जिना मात्र तेवढाच राहिला होता. नंतर २०१८ साली लष्कराने तिथे नवा पूल बांधून दिला. इथे विनोद सुचत नाही, म्हणून पुढे जातो.

आता या ग्रंथाचे वाचक किती? गेल्या ३१ मार्चला शाखेतून निघायला रात्रीचे साडेनऊ झाले. बाहेर आलो आणि सवयीने मोजदाद केली. राहते मजले चाळीस. दिवे लागलेले मजले अकरा. बाकीचे विकले गेलेले आहेत, हे मला आमच्याच फायलींवरून ठाऊक आहे. विकले गेले, पण उघडले गेले नाहीत. ही एकट्या टॉवरची गोष्ट नव्हे. केंद्र सरकारच्या २०१७-१८च्या आर्थिक पाहणीत, जनगणनेच्या आधारे, मुंबईतली रिकामी घरे सुमारे ४ लाख ८० हजार दिली होती. देशातल्या शहरांत सर्वांत जास्त. डोंबिवलीच्या गाडीत तीन जणांच्या बाकावर चौथे बसणारे आम्ही कुठे, आणि ही घरे कुठे! आमच्या बँकेत अशा गोष्टीला मुदत ठेव म्हणतात. फरक एवढाच की मुदत ठेवीसाठी समुद्राचा वारा अडवावा लागत नाही.

तेव्हा परीक्षकाचा अभिप्राय असा. मुखपृष्ठ आकर्षक. बांधणी मजबूत. किंमत थोडी कमी हवी होती. ग्रंथ संग्राह्य आहे. वाचायला कुणी घेत नाही, संग्रहालाच घेतात.

हे लिहून संपवणार होतो, पण नोव्हेंबरात आप्पा हयातीचा दाखला द्यायला शाखेत आले. हे काम आता घरबसल्या मोबाइलवर होतं, असं मी त्यांना दर वर्षी सांगतो. पण जिवंत असल्याचं समक्ष सांगण्यात त्यांना वेगळं समाधान वाटतं. काम आवरून आम्ही बापलेक बाहेर पडलो तेव्हा अंधार झाला होता. आप्पा फुटपाथवर थांबले आणि मान मागे टाकून टॉवरकडे बघत राहिले. गिरणीत त्यांनी वर्षानुवर्षे रात्रपाळी केलेली. तेव्हा या जागी रात्रभर दिवे जळत आणि खात्यांचा खडखडाट चाळीपर्यंत ऐकू येई. बराच वेळ त्यांनी ते अंधारे मजले मोजले.

मग माझ्या खांद्यावर हात ठेवून काळजीच्या सुरात म्हणाले, "काय रं, हितं बी संप चाललाय का?"