मान्य आहे, पण वाचले का?

शाळेच्या संगणक-खोलीत एक मजकूर असा असतो, की तो सर्वांनी मान्य केलेला असतो आणि बहुधा कोणीच वाचलेला नसतो. ऑपरेटिंग सिस्टिम बसवताना पडद्यावर येणारा परवाना, तो हाच. एखादा धडा तपासावा तसा तो तपासून पाहू. उदाहरणासाठी मायक्रोसॉफ्टने २००१ साली बाजारात आणलेली 'विंडोज एक्सपी' घेऊ. विंडोज विकत घेतल्यावर ती 'सक्रिय' करण्याची अट तिच्यापासून सुरू झाली.

आधी गुण पाहू. चकतीसोबत २५ चिन्हांची किल्ली येई. ती केवळ २४ चिन्हांतून घडवलेली असे. ओ आणि शून्य, आय आणि एक, एस आणि पाच या फसव्या जोड्या तीत मुद्दाम टाळल्या होत्या. तरीही २४ चा २५ वा घात, म्हणजे सुमारे ३२ वर ३३ शून्ये, इतक्या रचना शक्य होतात. घातांक शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे. ही किल्ली आणि यंत्राच्या भागांवरून काढलेली एक संख्या मिळून यंत्राची ओळख ठरे. मालकाचे नाव सांगावे लागत नसे. हे ३० दिवसांत करायचे. इंटरनेट नसेल, तर ५० अंक दूरध्वनीवर सांगायचे.

आता दोष. हा सारा खटाटोप एकच प्रत घेणाऱ्या ग्राहकाच्या माथी आला. मोठ्या संस्थांना दिलेल्या आवृत्तीला ही अट नव्हती. परीक्षेचा पेपर फुटावा तशी तिची किल्ली फुटली आणि चोरट्या प्रती त्याच आवृत्तीच्या पसरल्या. पैसे मोजणारा अंक वाचत बसला आणि नक्कल करणारा निर्धास्त राहिला! पुढच्या 'व्हिस्टा'मध्ये संस्थांनाही सक्रियतेची अट लागू झाली.

दुसरा दोष शब्दांचा. दुकानदार 'विकत घ्या' म्हणतो. परवाना म्हणतो, ही विक्री नव्हे, वापराची परवानगी आहे. नव्या संगणकाबरोबर आलेला परवाना सहसा त्याच यंत्राला बांधलेला असतो. यंत्र भंगारात गेले की तोही गेला. सुटा घेतलेला परवाना मात्र एका यंत्रावरून काढून दुसऱ्यावर नेता येतो. हा फरक पैसे देण्यापूर्वी कळायला हवा.

म्हणून नक्कल क्षम्य ठरते काय? नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात संगणक-प्रणाली ही साहित्यकृती मानली आहे आणि तिची चोरटी प्रत जाणूनबुजून वापरणे हा कलम ६३-बी प्रमाणे गुन्हा आहे.

शाळेपुढे दोन सरळ मार्ग आहेत. बिलावर परवान्याचा प्रकार लिहून घ्यावा. किंवा केरळच्या सरकारी शाळांनी केले तसे लिनक्सवर आधारलेली मुक्त प्रणाली वापरावी. तिलाही परवाना असतो, पण तो प्रती काढून वाटण्याची मुभा देतो.

मुलांच्या वह्यांतली नक्कल आपण लाल शाईने पकडतो. ज्या यंत्रावर त्यांना शिकवतो, त्याचा हिशेबही आपल्याला देता आला पाहिजे.