फलन संकल्पनेचे माध्यमिक स्तरावरील अध्यापन : एक चिकित्सा (विशेष संदर्भ : नौपाडा, ठाणे)

राज्य मंडळाच्या नववी (२०१७) व दहावीच्या (२०१८) गणिताच्या पाठ्यपुस्तकांत संच आहेत, दोन चलांतील रेषीय समीकरणे आहेत, त्रिकोणमितीय गुणोत्तरे आहेत. 'फलन' ही संकल्पना मात्र नाही. ती भेटते थेट अकरावीत, आणि विज्ञान शाखेत इंग्रजीतून. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याच्या कानी 'फलन' हा शब्द बहुधा पडतच नाही. नवी संकल्पना आणि नवी भाषा यांचे ओझे त्याच्यावर एकदमच येते.

अकरावीतील व्याख्या तर्कदृष्ट्या निर्दोष आहे : पहिल्या संचातील प्रत्येक घटकाशी दुसऱ्या संचातील एक आणि एकच घटक निगडित असावा. परंतु व्याख्या एका तासिकेत उरकते आणि पुढे सूत्रांचेच राज्य सुरू होते. परिणामी फलन म्हणजे सूत्र, अशी प्रतिमा विद्यार्थ्याच्या मनात रुजते. व्याख्या अचूक सांगणारेही उदाहरण तपासताना ती वापरत नाहीत, असे व्हिनर व ड्रेफस यांनी १९८९ मध्येच दाखवून दिले होते.

वास्तविक उत्तम उदाहरण नौपाड्याच्या रस्त्यावरच आहे. १ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेल्या दरानुसार रिक्षाचे पहिल्या दीड किलोमीटरचे भाडे २६ रुपये. पुढे ते अंतरानुसार वाढते. नियम दोन, फलन मात्र एकच. गोखले रोडवरून अर्धा किलोमीटर गेले काय किंवा सव्वा किलोमीटर, भाडे तेच. म्हणून २६ रुपयांवरून अंतर सांगता येत नाही, म्हणजेच व्यस्त फलन नाही. याहून बोधप्रद बाब मध्यरात्रीनंतरच्या वाढीव दराची. त्याच अंतराला दोन भाडी संभवत असतील, तर भाडे हे केवळ अंतराचे फलन उरत नाही. वेळही विचारात घ्यावी लागते. 'एकच' या शब्दाचे महत्त्व येथे जितके स्पष्ट होते, तितके बाणांच्या आकृतीतून क्वचितच होते.

इतिहासही हेच सुचवितो. १७४८ मध्ये ऑयलरच्या लेखी फलन म्हणजे वैश्लेषिक राशी होती. सूत्राची अट सैल होऊन १८३७ च्या डिरिक्लेच्या व्याख्येपर्यंत पोहोचण्यास जवळजवळ नव्वद वर्षे लागली. विद्यार्थ्याने ते अंतर एका तासिकेत कापावे, ही अपेक्षा अवाजवी आहे. उलट, इसवी सन ४९९ च्या सुमारास रचलेल्या 'आर्यभटीया'त ज्येचे २४ फरक २२५ कलांच्या अंतराने दिले आहेत. ते कोष्टक म्हणजे फलनच; वर्गात त्याचा उल्लेख झालाच तर अभिमानापुरता होतो.

नववीतच औपचारिक व्याख्या आणावी, असा याचा अर्थ नव्हे. दहावीत क्ष = ३ ही रेषा आलेखावर काढली जाते, गुणही मिळतात; तीन या एकाच किमतीला य च्या किती किमती मिळाल्या, हा प्रश्न तेवढा राहून जातो. तो विचारण्यास पाठ्यपुस्तक बदलावे लागत नाही.